इसम मिळून आला नाही

समन्स बजावायचं तर आधी कागदावर इसम लागतो.
नाव : हेमपुष्प स्पायसेस प्रायव्हेट लिमिटेड.
वय : नऊ. धंदा : हळद.
राहणार : कुपवाड एमआयडीसी, पाण्याच्या टाकीमागं.

तेवीस वर्षं बेलीफ आहे मी सांगलीच्या कोर्टात.
आत श्वास रोखून उभा राहिलेला जामीनदार
मला दारातल्या चपलांवरून कळतो.
या इसमाच्या दारात चप्पल नव्हती.

खुर्चीत जतकडचा बसगोंडा, शिट्टी गळ्यात.
‘मी ह्या कंपनीचा न्हाई साहेब, दुसऱ्या कंपनीचा.
तिचं हापिस पुण्याला.’
ती तरी बघितलीस का कधी?
‘पगाराला मेसेज येतोय की तिचा.’

मागच्या तारखेला कुलोली वकील तासभर बोलले :
कंपनी ही कायद्यानं व्यक्ती,
संचालक वेगळे, ती वेगळी,
संचालक मरतील, ती मरायची नाही.
आवटी वकील उठले : मग करा की तिला पिंजऱ्यात उभी,
शपथ घालू.
कोर्ट हसलं. पंखासुद्धा जरा जोरात फिरला.
कुलोली हसले नाहीत. म्हणाले,
देवालाही आपण व्यक्ती मानतोच.

ते खरंय.
डिग्रजच्या मारुतीवर मीच बजावलं होतं समन्स,
इनामाच्या दीड एकरापायी.
मारुती, अज्ञान, पालनकर्ता शिवलिंग गुरव.
कायद्याला देव म्हणजे कायमचं लेकरू,
एवढी गदा हातात असूनही.
गुरवानं कागद आधी पायाशी ठेवला, मग सही केली.
परत आला तेव्हा कोपऱ्याला शेंदूर.
मी लिहिलं : इसम समक्ष मिळून आला.

हिचा पालनकर्ता कोण, हे मी कुलोलींना विचारलं नाही.
बेलीफानं विचारायचं नसतं.

जैबून मुजावरचा उजवा अंगठा आणि दोन बोटं
पॉलिशच्या ड्रमात गेली. ड्रम थांबवला नाही,
पोतं संपेपर्यंत.
डाव्या हाताच्या रेषा हळदीनं त्याआधीच पुसल्या होत्या.
रेशनचं मशीन तिला तीनदा दाबायला लावतं
आणि तीनदा सांगतं, ओळख पटली नाही.
मागं रांग. दुकानदार तिला लग्नापासून ओळखतो,
पण त्याच्या ओळखण्याला किलो मिळत नाहीत.
हेमपुष्पला अंगठा मुळातच नाही.
रबरी शिक्का आहे. तो बँकेत चालतो.

वर शिडीवर एक पेंटर बोर्ड रंगवत होता.
‘हेम’ खरवडून झालं होतं,
‘सुवर्ण’मधला र्ण अजून ओला.
‘पुष्प’ तसंच ठेवायचं, म्हणाला, तेवढाच रंग वाचतो.
आत ड्रमाचा आवाज जुनाच.

पिशवीतनं खळ काढली. दारास डकवलं.
दोन पंच हवेत. बसगोंडानं सही केली,
पेंटर खाली उतरला, कागदावर
सोनेरी बोट उमटवून परत वर गेला.

कोर्टात आवक-जावक लिहिणाऱ्या दाभोळेनं पेन थांबवलं :
‘मिळून आला नाही, का मिळून आली नाही?
कंपनी बाईमाणूस ना?’
छापील आहे, म्हटलं. राहू दे.

बाहेर बाकावर जैबून बसली होती,
पदरात हात, डबा मांडीवर.
सकाळपासून एवढंच तिला कुणी सांगितलं होतं
की समोरची पार्टी आज येईल.
मला बघून म्हणाली,
‘ती बाई आली काय ओ?’
आणि बाकावर थोडी सरकून बसली,
जागा करून.